आणखी आठ फूट: जुनी पण मोठी मोटरहोम घ्यावी का?

अमेरिकेत सप्टेंबरचा पहिला सोमवार, म्हणजे लेबर डे, उलटला की मोटरहोम बाळगणाऱ्या घरांत एक विषय हमखास निघतो. शाळा सुरू झालेल्या असतात, मोठ्या सहली आटोपलेल्या असतात, पाइपांतलं पाणी गोठू नये म्हणून गाडी हिवाळ्यासाठी बंद करायचे दिवस जवळ आलेले असतात. नेमक्या याच दिवसांत जुन्या गाड्यांच्या जाहिराती वाढतात आणि विकणारे जरा नरमतात. मराठी मंडळांचे गणपतीही साधारण याच सुमाराला असतात. आरती झाल्यावर प्रसादाची ताटं हातात घेऊन उभ्या असलेल्या घोळक्यात कुणीतरी म्हणतं, "चोवीस फुटी काढून बत्तीस फुटी घ्यावी म्हणतोय. जुनीच, पण मोठी. तुला काय वाटतं?"

उत्तरं बहुधा दोनच मिळतात. काही जण म्हणतात घेऊन टाक, जागा कधी कुणाला पुरली आहे? बाकीचे म्हणतात, नको, पांढरा हत्ती आहे. दोन्ही उत्तरं घाईची आहेत. घरातली माणसं, गाडीचं वजन, रस्त्यांची रुंदी, भिंतीत मुरलेलं पाणी आणि बँकेचं कर्ज हे सगळं या एका प्रश्नात गुंतलेलं असतं. माझं मत आधीच सांगून टाकतो: ज्या अडचणीमुळे माणसं मोठी गाडी शोधायला निघतात ती बहुतेक वेळा लांबीची नसतेच. असते ती भार पेलण्याची, विजेची किंवा झोपायच्या सोयीची. ती नेमकी कोणती हे ओळखल्याशिवाय गाडी बदलली तर अडचणही नव्या गाडीत राहायला येते.

सध्या बाजारात जुना माल भरपूर आहे, त्याचंही कारण आहे. कोविडच्या काळात विमानं आणि हॉटेलं नकोशी झाली आणि लोक आरव्हींवर, म्हणजे मोटरहोम आणि ट्रेलर अशा फिरत्या घरांवर, तुटून पडले. २०२१ मध्ये कारखान्यांतून विक्रेत्यांकडे ६,००,२४० आरव्ही गेल्या. हा या उद्योगातला विक्रमी आकडा. त्यांत मागे ओढायचे ट्रेलरच फार, पण मोटरहोमचाही खप जोरात होता. २०२३ पर्यंत हा आकडा ३,१३,१७४ वर आला. चढ्या भावाने, लांब मुदतीच्या कर्जावर घेतलेल्या त्या गाड्यांपैकी बऱ्याच आता दुसऱ्या मालकाच्या शोधात आहेत. अमेरिकेतल्या बहुसंख्य आरव्ही इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट परगण्यात आणि त्याच्या आसपास बनतात. २०२१ आणि २०२२ मध्ये तिथे माणसंही कमी होती आणि सुटे भागही, आणि मागणी मात्र थांबत नव्हती. त्यामुळे २०२१-२२ ची गाडी समोर आली तर मी ती २०१७ च्या गाडीपेक्षा जास्त बारकाईने तपासेन. नवी दिसते म्हणून सूट देणार नाही.

मोठी म्हणजे कुठून कुठे, हे एकदा पाहून घेऊ. व्हॅनच्या अंगातच घर बसवलेलं असतं ती क्लास बी. मर्सिडीज स्प्रिंटर, रॅम प्रोमास्टर किंवा फोर्ड ट्रान्झिटवर बांधलेली, साधारण १९ ते २४ फुटांची. व्हॅनचं पुढचं तोंड ठेवून मागे खोली जोडलेली आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेली ती क्लास सी. यातल्या बहुतेक मोठ्या गाड्या फोर्ड ई-४५० वर असतात. बससारखं सपाट तोंड असलेली ती क्लास ए. पेट्रोलवाली असेल तर खाली सहसा फोर्डचा एफ-५३ सांगाडा असतो. डिझेलवाली असेल तर इंजिन मागे असतं आणि तिला डिझेल पुशर म्हणतात. आपल्या लोकांत सर्वांत जास्त चर्चा होते ती दोन उड्यांची: व्हॅनवरून क्लास सी, आणि छोट्या क्लास सीवरून तीस-बत्तीस फुटी क्लास सी किंवा पेट्रोलवाली क्लास ए. दुसरी उडी जास्त फसवी आहे, म्हणून तिच्याबद्दलच जास्त बोलतो.

आधी गरज. मराठी घरांत गाडी लहान पडायला लागते ती बहुधा आई-बाबा भारतातून आले की. ते पाच-सहा महिने राहतात, आणि त्यांना यलोस्टोन, ग्रँड कॅन्यन दाखवायचं असतं. ड्रायव्हरच्या वरच्या पलंगावर शिडीने चढणं सत्तरीतल्या गुडघ्यांना जमत नाही. जेवणाचं टेबल खाली पाडून रोज रात्री त्याचा पलंग करायचा तर सगळे झोपायला जाईपर्यंत आईला ताटकळत बसावं लागतं, आणि पहाटे उठायची सवय असलेले बाबा उठले की अख्खी गाडी जागी होते. रात्री दोनदा उठावं लागणाऱ्या माणसाला न्हाणीघर पलंगापासून दोन पावलांवर हवं असतं. ही खरी गरज आहे. मागे दार लावता येईल अशी खोली आणि तिच्याजवळ न्हाणीघर ही सोय खरोखरच लांबीतून येते. इथे मोठ्या गाडीची बाजू भक्कम आहे.

पण दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत. आई-बाबा वर्षातले किती आठवडे खरोखर गाडीत असतात? केओएसारख्या साखळीच्या बऱ्याच कॅम्पग्राउंडवर लाकडी खोल्या भाड्याने मिळतात. आपली गाडी शेजारी लावून आई-बाबांना खोलीत झोपवलं, तर वर्षातल्या दोन-तीन आठवड्यांसाठी बाराही महिने मोठी गाडी पोसावी लागत नाही. दुसरा प्रश्न सीट बेल्टचा, आणि तो मी सर्वांत गंभीर मानतो. 'सहा जण झोपतील' असं जाहिरातीत ठळक लिहिलेलं असतं. सहा जण बांधून घेऊन बसू शकतील का, हे नसतं. कित्येक गाड्यांत झोपायच्या जागांपेक्षा बेल्ट कमी असतात. भिंतीला लागून, रस्त्याला आडव्या बसवलेल्या सोफ्यावर मुलांची कार सीट लावू नये. ती पुढे तोंड असलेल्या, पक्क्या आसनावरच हवी. तेव्हा गाडी बघायला जाल तेव्हा पलंग मोजण्याआधी बेल्ट मोजा, आणि त्यातले पुढे तोंड असलेले किती तेही पाहा.

लहान वाटणाऱ्या गाडीची दुसरी तक्रार स्वयंपाकाची असते, आणि ती पुष्कळदा विजेची निघते. छोट्या मोटरहोमला ३० अँपिअरची जोडणी असते. १२० व्होल्टला ती ३,६०० वॉट देते. दुपारी एसी चालू आहे, इन्स्टंट पॉटमध्ये डाळ-भात लागलाय, तो १,००० वॉट खातोय, आणि त्यातच कुणी दूध तापवायला मायक्रोवेव्ह लावला की कॅम्पग्राउंडच्या विजेच्या खांबावरचा ब्रेकर पडतो. मग एसी बंद, घरात उकाडा, आणि 'ही गाडी आपल्याला पुरत नाही' हा निष्कर्ष. मोठ्या गाड्यांना बहुधा ५० अँपिअरची चार तारांची जोडणी असते. तिच्यात १२० व्होल्टच्या दोन फेजा येतात, म्हणजे एकूण १२,००० वॉट. आकडा ३० वरून ५० होतो, पण वीज तिपटीहून जास्त मिळते. हा मोठ्या गाडीचा खरा फायदा, आणि तो जाहिरातीत क्वचितच समजावलेला असतो. मात्र सगळ्या तीस फुटी क्लास सींना ५० अँपिअर नसतात. बाहेरची वायर बघा: जाड, चार पिनांची हवी. ती तीन पिनांची निघाली तर लांबी वाढूनही स्वयंपाकाचं दुखणं तसंच राहील.

फोडणीचंही इथेच सांगतो. आरव्हीतला धूर बाहेर टाकणारा पंखा तोकडा असतो, कापडी छत आणि सोफे वास धरून ठेवतात. जुनी गाडी घेताना आधीच्या मालकाची सिगारेट किंवा कुत्रा घरात येतो, तसंच आपण विकताना आपली मोहरी-हिंग पुढच्या गिऱ्हाइकाला जाणवते आणि किमतीतून वजा होते. बाहेर टेबल मांडून वेगळ्या शेगडीवर फोडणी करायची सवय लावलेली बरी. मग आतलं स्वयंपाकघर किती मोठं हा प्रश्न निम्मा सुटतो.

आता वजन. मोठी जुनी गाडी घेताना सर्वांत जास्त फसगत इथे होते, म्हणून जरा थांबून पाहू.

ई-४५० सांगाड्यावरच्या क्लास सीचं एकूण वजन, माणसं-सामान-पाणी धरून, १४,५०० पाउंडांच्या वर जाता कामा नये. ही मर्यादा २४ फुटीला असते तीच ३२ फुटीला. चाकं तीच, ब्रेक तेच, इंजिन तेच. वर बांधलेलं घर मात्र आठ फुटांनी लांब, भिंतीतून बाहेर सरकणारी एक-दोन दालनं, म्हणजे स्लाइड-आउट, आणि त्यांच्या मोटरी. एवढं सगळं गाडीच्या स्वतःच्या वजनात गेलं की आपल्यासाठी उरतं काय? गाडी लांब होते तसतशी तिची सामान वाहायची ताकद घटते, हे पहिल्यांदा ऐकताना खोटं वाटतं. पण गाडीच्या दाराजवळ चिकटवलेल्या पिवळ्या पट्टीवर ते छापलेलं असतं. २००८ पासूनच्या गाड्यांवर ही पट्टी सक्तीची आहे. माणसं आणि सामान मिळून किती पाउंड चालतील आणि पाण्याची टाकी भरली तर त्यातले किती जातील, हे त्यावर लिहिलेलं असतं.

समजा पट्टीवर १,५०० पाउंड आहेत. आई-बाबा, तुम्ही दोघं आणि दोन मुलं मिळून सहज ८०० पाउंड. पाणी गॅलनला ८.३ पाउंड, ४० गॅलनची टाकी भरली की ३३०. उरले ३७०. त्यात दोन महिन्यांचा किराणा, भांडी, अंथरुणं, कपडे, खुर्च्या, हत्यारांची पेटी, मुलांच्या सायकली बसवायच्या. बसत नाहीत. माणसं तशीच निघतात, कारण गाडी चालते. पण मग घाटात ब्रेक तापतात, मागचा टायर फुटतो, आणि विमा कंपनी वजनाची पावती मागते.

हे टाळायचा मार्ग हाताशी आहे. महामार्गावरच्या मोठ्या ट्रक स्टॉपांवर कॅट स्केलचे काटे असतात. ट्रक चढतात तिथेच आपली गाडी चढवायची: पुढची चाकं एका फळीवर, मागची दुसऱ्या फळीवर. खांबावरचं बटण दाबून आतल्या माणसाशी बोलायचं, थोड्या डॉलरांत छापील पावती मिळते. त्या पावतीवर प्रत्येक अ‍ॅक्सलचं वजन वेगळं असतं, आणि तेच महत्त्वाचं. ई-४५० च्या मागच्या अ‍ॅक्सलची मर्यादा ९,६०० पाउंड. एकूण वजन १४,३२०, म्हणजे मर्यादेत, पण त्यातले ९,८२० मागे असं चित्र लांब क्लास सीच्या बाबतीत सहज निघू शकतं, कारण मागच्या चाकांच्या पलीकडे दहा-बारा फूट घर लोंबत असतं आणि सामानाचा मोठा कप्पाही तिकडेच असतो. आधी आपली सध्याची गाडी, सहलीला निघताना असते तशी भरून, काट्यावर चढवा. आपलं कुटुंब आणि आपलं सामान मिळून किती पाउंड होतात हा आकडा एकदा हातात आला की समोरच्या कुठल्याही गाडीच्या पिवळ्या पट्टीकडे बघून दहा सेकंदांत निर्णय करता येतो.

याच कारणामुळे लांब क्लास सीपेक्षा त्याच लांबीची पेट्रोलवाली क्लास ए मला अधिक प्रामाणिक वाटते. तिच्या एफ-५३ सांगाड्याची मर्यादा मॉडेलप्रमाणे १८,००० ते २६,००० पाउंडांपर्यंत जाते. घर मोठं आहे, तर पायही तेवढे मोठे. दिसायला ती अवजड वाटते, म्हणून माणसं बिचकतात आणि ओळखीच्या व्हॅनच्या तोंडाची लांब क्लास सी पसंत करतात. सहा माणसांना घेऊन फिरणार असाल तर माझा कौल उलटा आहे.

लांबीचं खरं नुकसान कुठे होतं? राष्ट्रीय उद्यानांत. तिथली बरीच कॅम्पग्राउंड १९३० च्या दशकात किंवा 'मिशन ६६' या १९५६ ते १९६६ च्या मोठ्या बांधकाम मोहिमेत उभी राहिली. तंबू आणि छोटे ट्रेलर डोळ्यांसमोर ठेवून आखलेल्या त्या जागांत झाडांच्या मधून वळणं काढलेली आहेत. योसेमिटी व्हॅलीत मोटरहोमची कमाल लांबी ४० फूट आहे, पण तेवढ्या गाड्यांना पुरतील अशा जागा मोजक्याच. २५-२७ फुटांच्या आत राहिलं की निवड एकदम वाढते. मात्र सगळीकडे लांबीचा हिशेब सरळ नाही. ग्लेशियर उद्यानातल्या गोइंग-टू-द-सन रस्त्याच्या डोंगरी टप्प्यावर २१ फुटांपेक्षा लांब किंवा आरशांसकट ८ फुटांपेक्षा रुंद वाहनाला बंदी आहे. सिक्वोयात जनरल्स हायवेच्या वळणांवर २२ फुटांपेक्षा लांब गाडी नेऊ नका असं उद्यानच सांगतं. झायनमधला १९३० चा बोगदा ११ फूट ४ इंचांपेक्षा उंच किंवा ७ फूट १० इंचांपेक्षा रुंद गाडीला दुहेरी वाहतुकीत पेलत नाही. इतकी वर्षं परवाना काढून समोरची वाहतूक थांबवून अशा गाड्या सोडत. मोठ्या गाड्या २०२६ पासून दुसऱ्या रस्त्याने वळवायचं उद्यानाने जाहीर केलं आहे.

म्हणजे मर्यादा पायऱ्यापायऱ्यांनी येतात: साधारण २१-२२ फूट, मग २७, मग ३५, मग ४०. तुमची सध्याची गाडी २४ फुटी असेल तर ग्लेशियर आणि सिक्वोयाचे ते रस्ते तुम्ही आधीच गमावलेले आहेत. ३२ वर गेल्याने तिथे नवं काही जात नाही. गमवाल ते जुन्या कॅम्पग्राउंडमधल्या लहान जागा. उलट १९ फुटी व्हॅन सोडून २४ फुटी क्लास सी घेणारा माणूस फक्त पाच फूट वाढवतो, पण नुकसान त्याचं मोठं. व्हॅनवाल्यांनी हे नीट लक्षात घ्यावं. उंचीचंही तसंच आहे. बोस्टनच्या स्टॉरो ड्राइव्हवरचे ठेंगणे पूल आणि न्यूयॉर्कचे पार्कवे क्लास सीलाही बंद आणि क्लास एलाही.

मोठी गाडी पोहोचू शकत नाही तिथे जायला लोक मागे छोटी कार ओढत नेतात. कल्पना उत्तम. फक्त चारही चाकं जमिनीवर ठेवून ओढता येणाऱ्या गाड्या कमी असतात. जीप रँग्लर चालते, होंडा सीआर-व्ही २०१४ पर्यंतची चालते, नंतरची नाही. वर ओढायची दांडी, वेगळी ब्रेकची व्यवस्था आणि तारांची जोडणी. घरातली कार यासाठी बदलावी लागणार असेल तर ती किंमतही मोटरहोमच्याच खात्यात मांडा.

चालवण्याबद्दल एक प्रश्न विचारतो, आणि तो जोडप्याने एकमेकांना विचारावा: दुसरं कोण चालवणार? चोवीस फुटी गाडी नवरा-बायको दोघंही चालवत असतात. बत्तीस फुटी आली की पुष्कळदा एकाच्याच गळ्यात स्टिअरिंग पडतं आणि दुसरा हात काढून घेतो. मग रोज किती मैल जायचं हे त्या एकाच्या पाठीवर ठरतं, आणि तो आजारी पडला तर गाडी जिथे असेल तिथे अडकते. क्लास एमध्ये चालक पुढच्या चाकांच्याही पुढे बसतो, त्यामुळे कोपऱ्यावर आधी स्वतः चौकात जाऊन मग चाक वळवायचं असतं. मागचा लोंबता भाग वळताना उलट्या बाजूला बाहेर फेकला जातो. पेट्रोल पंपावरून निघताना पंपाच्या खांबाला गाडी घासते ती याचमुळे. हे सगळं शिकता येतं. पण दोघांनी शिकायची तयारी नसेल तर माझ्या मते तो व्यवहार तिथेच थांबवावा. परवान्याची चिंता मात्र फार नको: कॅलिफोर्नियात ४० फुटांच्या पुढे आणि टेक्ससमध्ये २६,००० पाउंडांच्या पुढे वेगळ्या वर्गाचा परवाना लागतो. बत्तीस फुटी पेट्रोलवाली गाडी सहसा त्याच्या अलीकडेच राहते.

आता समोर उभ्या असलेल्या जुन्या गाडीकडे वळू. मोटरहोमला इंजिनापेक्षा पाणी जास्त लवकर मारतं. बहुतेक गाड्यांची भिंत म्हणजे बाहेर फायबरग्लासचा पातळ पत्रा, आत पातळ प्लायवूड, मध्ये फोम, सगळं डिंकाने चिकटवलेलं. छताच्या एखाद्या सांध्यातून पाणी झिरपलं की प्लायवूड कुजतं, डिंक सुटतो आणि बाहेरच्या पत्र्याला फुगवटा येतो. तो समोरून दिसत नाही. सकाळी किंवा संध्याकाळी, ऊन तिरपं असताना गाडीच्या कोपऱ्याशी उभं राहून भिंतीच्या लांबीवरून नजर टाकायची. लाटा दिसल्या तर ओळखायचं. मग आत जायचं. क्लास सी असेल तर ड्रायव्हरच्या वरच्या पलंगाची गादी उचलून पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत तळहात दाबायचा. पाणी शिरायची ती ठरलेली जागा. लाकूड दबलं, हाताला गारवा लागला किंवा अलीकडेच नवा वॉलपेपर लावलेला दिसला तर प्रश्न विचारायचे. स्लाइड-आउटचे चारही कोपरे, न्हाणीघराच्या दाराजवळची जमीन, पायरीच्या आतली जमीन टाचेने दाबून पाहायची. सगळी कपाटं उघडून वास घ्यायचा. बंद कपाटातला कोंदट वास विकणाऱ्याला लपवता येत नाही. ओल मोजायचं छोटं यंत्र फार महाग नसतं, ते बरोबर असावं. छतावर शिडी लावून चढायचं. मालक चढू देत नसेल तर नमस्कार करून परत यायचं.

टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांनंतर शेवटी चार आकडे असतात. ३५१७ म्हणजे २०१७ सालचा पस्तिसावा आठवडा. नक्षी कोरी करकरीत असली तरी सहा-सात वर्षांचे टायर बदलायचेच, कारण उभ्या गाडीचे टायर झिजण्याआधी आतून तडकतात. सहा मोठ्या टायरचे काही हजार डॉलर होतात. तेवढे किमतीतून कापून मागायला संकोच करू नये. 'फक्त बारा हजार मैल चाललीय' या वाक्यावर भाळायचं कारण नाही. पंधरा वर्षांत बारा हजार मैल म्हणजे गाडी पंधरा वर्षं उभी होती. जनरेटरचंही तसंच. तो महिन्यातून एकदा भार देऊन चालवायचा असतो, न चालवलेल्या जनरेटरच्या कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलचा चिकटा साठतो. चाललेली, नोंदी ठेवलेली, वर्षाला छताचे सांधे भरलेली गाडी मी न चाललेल्या गाडीपेक्षा केव्हाही पसंत करीन.

डिझेल पुशरचा मोह अनेकांना होतो, कारण पंधरा वर्षांची डिझेल गाडी पाच वर्षांच्या पेट्रोल गाडीच्या भावात मिळते. चालवायला ती शांत, हवेच्या स्प्रिंगवर तरंगणारी, घाट उतरताना इंजिनाचा ब्रेक लागणारी. पण तिचं तेल, गाळण्या, हवेचे ब्रेक, सगळं ट्रकच्या मापाचं आणि ट्रकच्या दराचं. २००७ पासूनच्या इंजिनांना काजळी पकडणारा फिल्टर आणि २०१० पासूनच्यांना युरियाच्या द्रावाची यंत्रणा आली. तिथला एक सेन्सर बिघडला की गाडी वेग कमी करायला लागते. वर्षाला पाच-सहा हजार मैल फिरणाऱ्या, नोकरी सांभाळून सुट्ट्या काढणाऱ्या घराला डिझेल पुशर लागत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. निवृत्तीनंतर महिनोन् महिने रस्त्यावर राहणार असाल तर गोष्ट वेगळी. जुन्या महागड्या नावांबाबतही सावध असावं. फ्लीटवूड, मोनॅको आणि कंट्री कोच या तिन्ही कंपन्या २००९ मध्ये दिवाळखोरीत गेल्या. त्यांच्या गाड्यांचं कमिन्स इंजिन किंवा अ‍ॅलिसनचा गिअरबॉक्स आजही कुठलाही ट्रकवाला दुरुस्त करील; पुढची काच किंवा बाहेरचं दार मिळवायला मात्र देशभर फोन करावे लागतात.

पैशाचं बोलू. लोक सर्वांत आधी पेट्रोलची काळजी करतात, आणि तीच सर्वांत लहान आहे. वर्षाला ५,००० मैल धरा. गॅलनला ९ मैल देणाऱ्या गाडीवरून साडेसात देणाऱ्या गाडीवर गेलात तर वर्षाला साधारण ११० गॅलन जास्त लागतील. साडेतीन डॉलर भावाने चारशे डॉलरच्या आत. खरा पैसा जातो तो किमतीच्या घसरणीत, विम्यात, आणि गाडी ठेवायच्या जागेत. चोवीस फुटी गाडी कशीबशी घराच्या बाजूला बसते. बत्तीस फुटी बसत नाही आणि वसाहतीची संघटना ती दारात उभी करू देत नाही. मग शहराबाहेर महिन्याच्या भाड्याने जागा, आणि घरापासून लांब ठेवलेली गाडी शनिवार-रविवारसाठी सहसा बाहेर निघत नाही. हे शेवटचं कुठल्याच हिशेबात येत नाही, पण मला ते सर्वांत महाग वाटतं.

आपली गाडी विक्रेत्याला देऊन वरचे पैसे भरायचे की स्वतः विकायची? विक्रेता कमी देतो हे खरं, पण बऱ्याच राज्यांत जुनी गाडी दिली तर विक्रीकर फक्त वरच्या रकमेवर लागतो. कॅलिफोर्नियात मात्र पूर्ण किमतीवर. आपल्या राज्याचा नियम बघून, विकायचा त्रास धरून दोन्ही आकडे शेजारी मांडा. विक्रेत्याशी बोलताना 'तुमच्या गाडीला इतके देतो' या गोड वाक्यात न अडकता शेवटी खिशातून किती जाणार तेवढंच विचारा. सध्याच्या गाडीवर कर्ज असेल आणि ते तिच्या बाजारभावापेक्षा जास्त असेल तर तो फरक नव्या कर्जात ढकलायची सोय विक्रेता आनंदाने करून देतो. ती घेऊ नका. पलंग, शेगडी आणि शौचालय असलेली मोटरहोम करखात्याच्या लेखी दुसरं घर ठरू शकते आणि कर्जाचं व्याज वजावटीत धरता येतं, हे विक्रेता सांगतोच. पण २०१८ पासून प्रमाणित वजावट इतकी वाढली आहे की बहुतेक पगारदार घरांना त्याचा उपयोग होत नाही.

या सगळ्यातून मला जे दिसतं ते असं. गाडी लहान वाटते ती विजेमुळे किंवा सामानामुळे असेल तर सध्याचीच ठेवावी. चांगल्या बॅटऱ्या, नवी गादी आणि निम्मं सामान घरी ठेवणं यांतून ती पुष्कळ मोठी होते, आणि तिची दुखणी तुम्हाला माहीत आहेत, हा तिचा मोठा गुण आहे. आई-बाबा वर्षातून थोडे दिवस येत असतील तर खोली भाड्याने घ्यावी. मुलं वाढली आहेत, आई-बाबा आता कायमचे इथेच आहेत, सहा जण वर्षातून कित्येक आठवडे खरोखर बाहेर असतात, दोघंही चालवायला तयार आहेत, आणि ठेवायला जागा आहे, अशा घराने मोठी गाडी जरूर घ्यावी, आणि मग लांब क्लास सीच्या मागे न लागता ३० ते ३३ फुटांची, नोंदी असलेली, पेट्रोलवाली क्लास ए बघावी. पैसे देण्याआधी स्वतःच्या खर्चाने, विकणाऱ्याच्या ओळखीतला नसलेला प्रमाणित आरव्ही तपासनीस नेमावा.

आणि त्याही आधी एक करा. क्रूझ अमेरिकासारख्या कंपन्या ३० फुटी क्लास सी भाड्याने देतात, मोसम उतरला की दरही उतरतात. या ऑक्टोबरात एक आठवडा ती घ्या, आई-बाबांना बरोबर न्या, दोघांनी आळीपाळीने चालवा, आणि परत करायच्या आदल्या दिवशी काट्यावर चढवून वजनाची पावती घ्या. जाहिराती त्यानंतर बघा.